चोडणचं सलीम अली अभयारण्य: घड्याळ बघून नव्हे, भरती-सुकती बघून जा

खाजनकाठ (धागालेखक)

पणजीत पाहुणे आले की यादी ठरलेली असते: मिरामार, जुने गोवे, मंगेशी, संध्याकाळी मांडवीवरची बोट. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य शहरापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे, तरी तिकडे फारसं कोणी वळत नाही. आणि जे वळतात त्यांच्यातले बरेच जण "नुसती झाडं आणि चिखल, पक्षी कुठे आहेत?" म्हणत परत येतात. मला या जागेचा फार लळा आहे, म्हणून हे ऐकलं की वाईट वाटतं. दोष जागेचा नाही, जायच्या वेळेचा आहे. तेवढंच सांगायला हा धागा काढतोय.

आधी जुजबी माहिती. मांडवीतल्या चोडण बेटाचं पश्चिमेकडचं टोक म्हणजे हे अभयारण्य. क्षेत्रफळ १७८ हेक्टर, पुरते दोन चौरस किलोमीटरही नाही. गोव्यातल्या सगळ्या अभयारण्यांत हे सर्वांत लहान. १९८७ साली सलीम अली गेले आणि १९८८ साली त्यांच्या नावाने हे घोषित झालं.

जायला अगदी सोपं. पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला जाणारी बस धरायची, फेरीच्या धक्क्यावर उतरायचं, फेरीबोटीने नदी ओलांडायची. पायी जाणाऱ्याला फेरीत पैसे पडत नाहीत. २०२५ पासून या मार्गावर रो-रो बोटीही सुरू झाल्या आहेत. तरी पक्षी बघायला जाणार असाल तर गाडी अलीकडेच ठेवा, अभयारण्याचं फाटक धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. बसमध्ये नदीच्या बाजूची खिडकी मिळाली तर बघा. पणजी ते रायबंदर हा तीन किलोमीटरहून लांब बांध पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात घातला, आजही आपली वाहनं त्याच्यावरूनच धावतात. दोन्ही अंगांना खारफुटी, मध्येमध्ये जुनी मिठागरं. बगळे आणि पाणकावळे तिथूनच दिसायला लागतात.

आता मुद्द्याचं. हे खारफुटीचं जंगल दिवसातून चार वेळा बदलतं, दोन भरत्या आणि दोन सुकत्या. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली असतो. चिखलात चोच घालून पोट भरणारे पक्षी तेव्हा कुठेतरी बांधावर किंवा फांद्यांवर पाय मुडपून बसलेले असतात. तुम्ही वाटेवरून चालता, दोन्हीकडे हिरव्या भिंती, मध्ये पाणी. साहजिकच वाटणार की इथे काही नाही. तीच वाट सुकतीला चाला. पाणी उतरतं, ओहोळांच्या कडा उघड्या पडतात आणि सगळे जेवायला खाली येतात. तुतारी पक्षी कडेकडेने शेपटी हलवत पळतात, वंचक बगळा एका जागी खिळून राहतो, खंड्या उघड्या पडलेल्या मुळावर येऊन बसतो.

पायी जायचं असेल तर पाणी उतरायला लागल्यावर तासाभराने पोचा आणि पाणी परत चढू लागेपर्यंत थांबा. होडीतून बघायचं असेल तर उलट हिशेब, कारण ओहोळांमध्ये होडी भरतीच्या पाण्यावरच आत जाते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्याला चालत नाही. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक सहज मिळतं. मांडवीत आत पाणी पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढी सवड धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही, त्यामुळे चिखल जास्त उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, तेव्हा फरक कमी.

आणि कृपा करून खाली बघा. आपण पक्षी अभयारण्य म्हणून डोकं वर करून चालतो आणि अर्ध्याहून जास्त गंमत पायाशी सोडून देतो. वाटेच्या कडेला उभं राहून चिखलाचा हातभर तुकडा निवडा आणि हलू नका. तुमच्या पावलांनी सगळे आधीच बिळात गेलेले असतात. थोड्या वेळाने एका बिळाच्या तोंडाशी नखाएवढा खेकडा अर्धा बाहेर येतो, दांड्यांवरचे डोळे ताठ करतो, थांबतो, मग पूर्ण बाहेर. नराची एक नांगी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी, ती तो वर उचलतो, खाली घेतो, परत उचलतो. मादीला बोलावणं आणि शेजारच्या नराला दम देणं, दोन्ही त्याच एका हालचालीत. दुसऱ्या लहान नांगीने तो चिखल उचलून तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं चाळून घेतो आणि उरलेल्याची बारीक गोळी करून बाजूला टाकतो. आजूबाजूला अशा शेकडो गोळ्या पडलेल्या असतात, आपण त्यांना चिखलाची खडी समजतो. तिथेच निवट्या असतो. मासा, पण सुकतीला पाण्याबाहेर पुढच्या परांवर रेलून सरकतो, कारण ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांत साठवलेल्या पाण्यावर त्याला श्वास घेता येतो. दोन निवटे समोरासमोर आले की पाठीवरचा पंख ताठ करतात. मध्येच चिखलातून टक् असा आवाज येतो, तो नांगी फटकन मिटणाऱ्या कोळंबीचा.

झाडंही नीट बघा. तिवराची श्वासमुळं जमिनीतून वर आलेली असतात, कारण त्या चिखलात हवा नाही. तिवराच्या पानाला जीभ लावा, खारट लागतं. झाड मुळांवाटे आलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लांब लोंबतं आणि मग चिखलात पडून तिथेच उभं राहतं.

न्यायच्या गोष्टी: दुर्बीण, पाणी, अंगभर मळकट रंगाचे कपडे, डासांसाठी मलम. ओंकार आणि परफ्यूम घरी ठेवा.

कोणाला आणखी काही माहीत असेल तर लिहा.


डिचोलीची_लेक

फार सुंदर लिहिलंय, वाचनखूण साठवली. डिचोली-पेडण्याच्या बाजूने येणाऱ्यांसाठी भर: मयेवरून चोडणला रस्त्याने थेट येता येतं, फेरी धरायची गरज नाही. वाटेत शेतं लागतात, पहाटे निघालात तर तिथेही पुष्कळ पक्षी दिसतात.

"ओंकार" काय कळलं नाही पण? 


खाजनकाठ

मोबाइलने केलेली करामत, "स्पीकर" असं लिहायचं होतं. स्पीकर आणि परफ्यूम घरी ठेवा.


पुण्याचा_पाव्हणा

आम्ही मे महिन्यात सहकुटुंब येतोय. मुक्काम पणजीत. तेव्हा जाण्यात अर्थ आहे का, की हिवाळ्याचाच बेत करावा? दोन मुलं बरोबर, आठ आणि पाच वर्षांची. मगर असते असंही कुठेतरी वाचलं, ते खरं का?


खाजनकाठ

खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडून येणारे तुतारी, चिखले, बदकं, मासे पकडणारा ऑस्प्रे हे सगळे तेव्हा असतात, मे येईपर्यंत परतलेले असतात. पण कायमचे रहिवासी कुठे जात नाहीत. रातबगळे, छोटे बगळे, जांभळा बगळा, पाणकावळे, ब्राह्मणी घार, दोन-तीन जातींचे खंड्या हे मे महिन्यातही असतात. निवटे आणि खेकडे तर आहेतच, आणि आठ-पाच वर्षांच्या मुलांना, माझं प्रामाणिक मत, त्यांचीच जास्त गोडी लागते. लांबच्या फांदीवरचा करडा पक्षी दुर्बिणीतून शोधायला मुलं कंटाळतात. पायाशी भांडणारे निवटे बघून हलायला तयार नसतात. फक्त मे महिन्यात सकाळी नऊच्या आत तिथून बाहेर पडा, नंतर त्या झाडीत वारा लागत नाही आणि उकाड्याने मुलं हैराण होतात.

मगरींबद्दल: मांडवी आणि झुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातही त्या राहतात, आणि चोडणच्या बाजूलाही दिसल्याच्या नोंदी आहेत. घाबरून बेत रद्द करायचं कारण नाही. बांधलेल्या वाटेवरून खाली उतरायचं नाही, पाण्यात हात-पाय घालायचे नाहीत, मुलांचा हात धरायचा. चिखलात तसंही उतरू नका, वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो.


माशेलवाडा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून थोडं अवांतर. आम्हा माशेलच्या लोकांना चोडणची फेरी धरताना वेगळंच वाटतं. आमचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. पोर्तुगीजांनी चोडणसकट तिसवाडी तालुक्यातली देवळं पाडली तेव्हा भाविकांनी देव आधी मयेला आणि पुढे माशेलला आणला. आषाढात देवळासमोरच्या मैदानावर चिखलकालो खेळतात, तो याच देवाचा. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी फार कमी ठिकाणी पुजली जाते. तेव्हा चोडणला जाणाऱ्यांनी बेटाचं एकच टोक बघून मागे फिरू नये. गाव जुना आहे, जुनी घरं आहेत, चालत हिंडण्यासारखा आहे.


टेलीलेन्स

सलीम अलीला नियमित जातो, छायाचित्रणासाठी. एक माहिती हवी होती. कॉलर्ड किंगफिशर सध्या कोणत्या बाजूला बसतोय? भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा पक्षी फार थोड्या जागी मिळतो, त्यामुळे बाहेरून मित्र खास त्याच्यासाठी येतायत. ब्लॅक-कॅप्ड मिळतो, मोठ्या चोचीचा मिळतो, हा मात्र हुलकावणी देतो. मित्र म्हणाला ब्लूटूथवर त्याचा आवाज लावला की लगेच पुढे येतो.


डिचोलीची_लेक

आवाज अजिबात लावू नका हो. तो पक्षी समजतो दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. अंडी-पिल्लं सोडून तो भांडायला येतो आणि तिथे कोणीच नसतं. तुम्ही एकदा लावणार, दुपारी दुसरा लावणार, रविवारी आणखी चौघे. पावणेदोनशे हेक्टरांत त्याने जायचं कुठे?


टेलीलेन्स

ताई, वीण हंगामात लावणं चूक, यात वादच नाही. पण हिवाळ्यात दहा सेकंद एकदाच लावलं तर पक्ष्याचं काही बिघडतं असं मला वाटत नाही. जगभरात पक्षीगणनेतही ही पद्धत वापरतात. उलट झाडीत घुसून, फांद्या मोडून शोधणारे जास्त नुकसान करतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय.


खाजनकाठ

गणना करणारे अभ्यासक परवानगी काढतात, ठरवलेल्या अंतराने, ठरवलेल्या वेळी लावतात आणि नोंद ठेवतात. आपण फोटोसाठी लावतो. दोन्ही एका पारड्यात घालू नका. शिवाय अभयारण्यात प्राण्या-पक्ष्यांना छेडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमात मनाई आहे, त्याच कलमात कचरा टाकायलाही आहे.

तुम्हाला पक्षी हवाय ना, तर मी माझी पद्धत सांगतो. हा खंड्या खेकडे खातो. सुकती लागल्यावर जिथे ओहोळाची कड उघडी पडते आणि वर आडवी फांदी आहे, अशी जागा निवडून बसा. हिंडू नका. वरून हिरवट निळा आणि खाली, गळ्यापासून पोटापर्यंत स्वच्छ पांढरा, मानेभोवतीही पांढरा पट्टा. आपल्या नेहमीच्या खंड्याचं डोकं तपकिरी असतं, याचं निळं. आवाज चिरका, तीन-चार वेळा एकाच पट्टीत. आवाज ओळखता आला की अर्धं काम झालं. नेमकी फांदी मी इथे लिहिणार नाही, राग मानू नका. लिहिली की पुढच्या रविवारी तिच्याखाली दहा तिपाया उभ्या राहतील.


टेलीलेन्स

राग नाही. फांदीचं पटलं. आवाजाबद्दल माझं मत थोडं वेगळं राहील, पण अभयारण्यात लावणार नाही, मित्रांनाही सांगतो.


बेटावयला_शेतकार

मी चोडणचाच. हा धागा मला मुलीने दाखवला. तुम्ही लोक आमच्या गावाबद्दल एवढ्या आपुलकीने लिहिता ते वाचून बरं वाटलं. पण एक बाजू राहून जाते, ती मांडतो.

तुम्हाला खारफुटी दिसते, आम्हाला तिच्या मागचा बांध दिसतो. बांधाच्या आत आमची खाजन शेतं. नदीपेक्षा जमीन खोल, भरतीचं पाणी बांध अडवतो. बांधात मानस असते, लाकडी दारं लावलेली. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, सुकती लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं. कोणी माणूस उभा राहून उघड-मीट करत नाही. शेकडो वर्षं हे असंच चाललंय. पावसाच्या पाण्याने मातीतलं मीठ धुऊन गेलं की कोरगुट जातीचा भात पेरायचा, तो थोडं मीठ सोसतो. भात कापलं की खारं पाणी आत घ्यायचं, कोळंबी-मासे वाढतात. मानशीवर जाळं लावायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. माती, पेंढा, दगड घालून दरवर्षी बांध चढवायचे, आणि हे सगळं गांवकारी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, बघायची.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्यायाचंच होतं. पण बांध कोणी राखायचा हे सैल झालं. कुळांचे संघ झाले, काही चांगले चालले, काही नुसते मानशीच्या पावणीपुरते उरले, कारण मासळीत भातापेक्षा पैसा जास्त. मग नदीतून खनिजाच्या बार्जी (मालवाहू बोटी) जायच्या त्यांच्या लाटा बांधावर आदळायच्या. बांधाला भगदाड पडतं, वेळेत बुजवलं नाही तर शेत खारं होतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे खारफुटी उगवते. एकदा ती उगवली की तोडायला कायदा आडवा येतो. म्हणजे आजोबांनी नांगरलेलं शेत नातवाच्या हयातीत जंगल होतं आणि त्याला हात लावायची सोय नाही. शहरातून आलेला माणूस त्याच शेताचा फोटो काढतो आणि लिहितो, निसर्ग परत आला. आमच्या घरात तो शब्द टोचतो.

मी खारफुटीच्या विरोधात नाही, हे नीट वाचा. बांधाच्या बाहेर नदीकडे खारफुटी असलीच पाहिजे, ती लाट मोडते आणि बांध वाचवते, हे आमच्या वाडवडिलांना कोणी शिकवायला लागलं नाही. बांधाच्या आत ती येते तेव्हा समजावं की कोणीतरी बांधाकडे पाठ फिरवलीय.


खाजनकाठ

दादा, या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे. माझं नाव खाजनकाठ, आणि मी पहिल्या लेखात खाजनाबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता, ते तुम्ही भरून काढलंत.

पक्ष्यांच्या बाजूनेही तुमचं म्हणणंच खरं ठरतं. १७८ हेक्टर म्हणजे अगदी चिमुकला तुकडा. तिथे रात्री वस्तीला असणारे बगळे दिवसा चरायला तुमच्याच शेतांत येतात. पाणमांजराचं तर सगळं घरदारच तुमच्याकडे. चोडणला पाणमांजरांचे कळप आहेत, इथे त्यांचा अभ्यासही झालाय. लपायला खारफुटी, खायला मानशीमागच्या डबक्यातले मासे, वाळायला आणि लोळायला बांध. बांधावर माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे असलेली विष्ठा दिसली की समजावं कुटुंब जवळपास आहे. बांध गेला, शेत पडीक झालं, तर अभयारण्याची हद्द नकाशावर तेवढीच राहील आणि आतले प्राणी कमी होतील. म्हणून मला वाटतं अभयारण्याच्या नावाने जो पैसा येतो त्यातला काही भाग आजूबाजूच्या बांधांवर खर्च व्हायला हवा. तो निसर्गावरचाच खर्च आहे.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. जिथे खारफुटी वाढून आता मोठी झालीय, पक्ष्यांची वीण होते, तिथे ती कापून शेत परत करावं असं मला म्हणवत नाही. नवं भगदाड पडलं की पहिल्याच पावसाळ्याआधी सरकारने ते बुजवावं, तो हक्क शेतकऱ्याला मिळावा, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.


बेटावयला_शेतकार

जुनं जंगल तोडा असं मीही म्हणत नाही. तिथे आता नांगर चालणारच नाही, माती बदलली. पण ज्याचं शेत गेलं त्याला काहीतरी मिळायला हवं की नको? तेवढंच विचारतो.

आणि पाणमांजर जाळी फाडतं. त्याचंही लिहा. आम्ही त्याला मारत नाही, पण जाळं फुकट येत नाही.


आजोळ_दिवाडी

मला शेतकारदादांचं बोलणं शब्दन् शब्द पटतं. आमच्या दिवाडी बेटालाही तीच गत. मामाच्या घराच्या मागे बांधावरून आम्ही शाळेला जायचो, आज तो बांध मध्येच संपतो, पलीकडे तिवर. जाळ्यांच्या नुकसानीचं म्हणाल तर जंगलाकाठी गव्याने-डुकराने पीक खाल्लं की भरपाईसाठी अर्ज करता येतो, तशी सोय जाळ्यांसाठी का असू नये?


नर्मदा_ताळगाव

सगळे फार चांगलं लिहिताय. माझा प्रश्न साधा आहे. बाबांना पक्ष्यांची खूप आवड, वय ७८, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. फेरीची चढ-उतार आणि वाट जमेल का? की पणजीतच काही आहे?


डिचोलीची_लेक

ताई, फेरीचा धक्का उतरता असतो आणि सुकतीला शेवाळाने निसरडा होतो. काठी घेऊन चालणाऱ्याला तिथे धरायला माणूस हवा. आत वाट बरीचशी बांधलेली आहे, पण पावसाळ्यानंतर कडा ओल्या असतात. बाबांना नेणार असाल तर रिक्षा किंवा गाडीने फेरीत चढा, उतरून थेट फाटकापर्यंत जा, आत जेवढं जमेल तेवढंच चाला. मयेमार्गे आलात तर फेरीची चिंताच नाही, फक्त वळसा पडतो.

पहिल्यांदा मात्र त्यांना पाटोच्या खाडीवरच्या खारफुटीच्या लाकडी पुलवाटेवर घेऊन जा. कदंब स्थानकापासून जवळ, रुआ द ओरें रस्त्याच्या समोर. सपाट आहे, कठड्याला धरता येतं, आणि सुकतीला खंड्या, वंचक, निवटे हे सगळं तिथेही दिसतं. शहराच्या इतक्या मध्यात असं काही असणं हे पणजीकरांचं भाग्य आहे, आणि त्या खाडीत प्लास्टिक वाहत येतं ते बघून जीव तुटतो.


नर्मदा_ताळगाव

खूप आभार. या रविवारी पाटोला नेते. वेळ कशी काढायची ते खाजनकाठ यांच्या हिशेबाने बघते.


पुण्याचा_पाव्हणा

होडीबद्दल कोणी सांगेल का? धक्क्यावर कोणाला विचारायचं, की आधी नोंदणी?


माशेलवाडा

वनखात्याच्या माणसांना फाटकावर विचारा, प्रवेश तिकीटही तिथेच मिळतं. स्थानिक होडीवाले असतात. दोन गोष्टी आधी बोलून घ्या. एक, ओहोळात शिरल्यावर यंत्र बंद करून वल्ह्याने न्यायचं. आम्ही एकदा नदीतून ज्या होडीने गेलो ती भरधाव यंत्र लावून आत घुसली, वीसेक रातबगळे एकदम उठले आणि पुढचा सगळा ओहोळ रिकामा मिळाला. दोन, भरती उतरायच्या आत बाहेर यायचं, नाहीतर चिखलात रुतून पुढच्या भरतीपर्यंत बसावं लागतं. मुलांना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत चढवू नका, मोठ्यांनीही घाला.


बेटावयला_शेतकार

पुण्याच्या पाहुण्यांना सांगतो. मे महिन्यात येताय तर मानस बघून जा. बांधावरून चालताना शेतात उतरू नका, जाळं लावलेलं असेल तर हात लावू नका, आणि कोणी दिसला तर आधी विचारा. आमचे लोक नाही म्हणत नाहीत. सुकती सुरू होते त्या वेळेला उभे राहा, दारं कशी उघडतात ते मुलांना दिसेल. मे महिन्यात बांधाची माती घालायची कामंही चालू असतात, पावसाच्या आधी ती उरकावी लागतात.


पुण्याचा_पाव्हणा

नक्की येतो. भरतीचं वेळापत्रक उतरवून घेतलंय. पहिल्या दिवशी पायी सुकतीला, दुसऱ्या दिवशी होडीने भरतीला, आणि दोन्हींच्या मधली संध्याकाळ मानशीसाठी ठेवतो. दादा, चोडणला पोचल्यावर सकाळचा चहा-भाजीपाव कुठे मिळेल?


बेटावयला_शेतकार

फेरीच्या धक्क्याजवळ चहाचं दुकान आहे, सकाळी लवकर उघडतं. पाव संपायच्या आत पोचा.